माळव्यातला सलग दुष्काळ: मीटरभर काळी माती आणि दहा मीटर खडक

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला राहणारं मराठी कुटुंब. सांवेर तहसिलीत वडिलोपार्जित १६ बिघे काळी जमीन, सहा मीटर व्यासाची एक विहीर, फेब्रुवारीत गुळण्या टाकायला लागणारा ४०० फुटी बोअर, दोन गाई आणि शेतावर राहणारं एक कुटुंब. दोन वर्षं पाऊस कमी झाला आहे. तिसरं वर्षही तसंच गेलं तर शेतीचं आणि घरच्या खाण्याचं काय होईल? बोअर आणखी खोल करावा का? आणि शेवटी असंही विचारलं आहे की, रेशन आहे, मंडीत गहू मिळतोच, मग अन्नसुरक्षेची एवढी काळजी कशाला?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची मांडणी त्यावरच उभी आहे.

'पग-पग रोटी, डग-डग नीर' ही माळव्याची ओळख सगळ्यांना पाठ आहे. मारवाडातले रेबारी मेंढपाळ तिकडे दुष्काळ पडला की मेंढ्या घेऊन इकडेच उतरतात. पण संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा छप्पनचा दुष्काळ माळव्यालाही सोडून गेला नव्हता. तेव्हा धान्यच संपलं होतं. आज तसं होत नाही. बाहेरून धान्य येतं, गोदामं भरलेली असतात. आजचा दुष्काळ दुसरीकडून शिरतो. तो आधी विहीर रिकामी करतो, मग बियाण्याची कोठी, मग गोठा आणि शेवटी खिसा. ताट शेवटी रिकामं होतं, आणि तेही पोळीपासून नव्हे. आधी दूध कमी होतं, मग डाळ पातळ होते, मग भाजी जाते. पोळी टिकून राहते म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही.

माळव्यातलं मुख्य खरीप पीक सोयाबीन आहे आणि ते आपण घरी खात नाही, विकतो. १९७०च्या दशकापासून सोयाबीन पसरलं आणि ज्वारी, तूर, खरीप कडधान्यं मागे पडली. त्यामुळे खरीप गेला की घरातलं धान्य नाही, तर धान्य घ्यायचा पैसा जातो. त्यातही सोयाबीनचा एक तिढा आहे. कांदा-लसणाचं पीक कमी आलं की भाव चढतो आणि थोडं नुकसान भरून निघतं. सोयाबीनचं तसं नाही. देशात लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून मोठा हिस्सा आयात होतो, त्यामुळे सोयाबीनचा भाव जगाच्या बाजारावर चालतो. देपालपूर-सांवेरचं पीक अर्धं झालं म्हणून इंदूरच्या छावणी मंडीतला भाव दुप्पट होत नाही. उतारा कमी आणि भावही तोच, असा दुहेरी मार बसतो. झाबुआ, अलीराजपूर, धारहून सोयाबीन कापायला आणि गहू काढायला येणाऱ्या मजुरांना तर हा मार शेतकऱ्याच्या आधी बसतो. त्यांच्या वर्षभराच्या धान्याचा मोठा भाग या दोन सुगींच्या मजुरीतून येतो. कापणीच नाही तर मजुरी नाही.

रेशनचा आधार खरा आहे आणि मोठा आहे, पण त्याची मर्यादा ओळखून चाला. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली पात्र कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. अंगमेहनत करणारं पाच माणसांचं कुटुंब महिन्याला साधारण ५० किलो धान्य खातं. म्हणजे निम्मं भागतं. दूध आणि भाजी तर त्यात नाहीच. तुमच्या शेतावर राहणाऱ्या कुटुंबाचं नाव रेशनच्या पात्रता पर्चीत आहे का आणि ई-केवायसी झालं आहे का, हे आत्ताच पाहून घ्या. टंचाईच्या महिन्यात नाव कापलं गेल्याचं कळणं फार महागात पडतं.

आता पाण्याकडे. इंदूरचा पाऊस सरासरी ९५० मिलिमीटरच्या आसपास. हवामान विभाग सरासरीपेक्षा २६ टक्के किंवा अधिक तूट आली की मध्यम दुष्काळ म्हणतो आणि ५० टक्क्यांच्या वर गेली की तीव्र. २६ टक्के तूट म्हणजेही ७०० मिलिमीटर पाऊस. एकट्या सोयाबीनला तो पुरू शकतो, कारण त्या पिकाची पूर्ण गरज ४५० ते ६०० मिलिमीटर आहे. मग पीक का जातं? पावसात मधेच पडणाऱ्या खंडामुळे. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. तो खंड नेमका सोयाबीनच्या फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या वेळी आला. वर्षाचा एकूण आकडा अशा वेळी काहीच सांगत नाही.

आणि सलग दुष्काळ म्हणजे एकाच वर्षाची तीनदा पुनरावृत्ती नाही. पहिल्या वर्षी खरीप मार खातो, पण विहिरीत पाणी असतं, गव्हावर घर सावरतं. दुसऱ्या वर्षी विहीर भरत नाही, रब्बीचं क्षेत्र घटतं, आणि पहिल्या वर्षीचं सुरकुतलेलं सोयाबीन बियाणं म्हणून पेरल्यामुळे उगवण फसते. कर्जाचं नूतनीकरण अडतं ते इथे. तिसऱ्या वर्षी भुसा विकत घ्यावा लागतो, गाय पडत्या भावाने विकली जाते, आणि गाय गेली की दूध जातं, शेणखत जातं, जमिनीची ओल धरायची ताकदही हळूहळू जाते. तिसऱ्या वर्षी जे विकलं जातं ते परत उभं करायला चांगल्या पावसाची तीन-चार वर्षं लागतात. म्हणून सगळा जोर गाय आणि बियाणं वाचवण्यावर हवा. एका हंगामाचा उतारा त्यानंतर.

बोअर खोल करावा का? माझं स्पष्ट मत, नाही. माळवा काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. या खडकात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या, मुरमाड भागात, भेगांत, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात. त्याखाली भरीव खडक आहे, तिथे साठाच नाही. एखादी भेग लागली तर पाणी मिळतं, पण ती भेगही वरूनच भरत असते. म्हणून ४००चे ७०० फूट केले की बहुतेक वेळा धूळ निघते, आणि लागलंच पाणी तर ते शेजाऱ्याच्या विहिरीतून ओढलेलं असतं.

यामागचा हिशेब नीट समजून घ्या. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के असतं. २ टक्के धरा. विहिरीची पातळी दहा मीटर खाली गेली तर त्या सगळ्या खडकातून फक्त २० सेंटिमीटर पाण्याचा थर बाहेर आला. दुसऱ्या बाजूने पाहा: मीटरभर खोल काळी माती पिकाला घेता येईल असं १५ ते २० सेंटिमीटर पाणी धरते. म्हणजे तुमच्या पायाखालची मीटरभर माती जवळपास दहा मीटर खडकाएवढं पाणी साठवते, तेही विजेशिवाय, पिकाच्या मुळाशी. पंजाबसारख्या गाळाच्या जमिनीत मागच्या वर्षांचं पाणी खाली शिल्लक असतं. बेसाल्ट एका पावसाळ्यात भरतो आणि एका रब्बीत रिकामा होतो. त्यात बचतखातं नाही. म्हणून दुष्काळात पहिली विहीर म्हणजे माती, दुसरी विहीर म्हणजे विहीर.

मातीतली ओल कशी जाते ते शेतात बसून पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर अखेरीस सोयाबीन काढलेलं रान दहा दिवस उघडं ठेवा. आधी बोट जाईल एवढ्या भेगा दिसतात, मग मूठ जाईल एवढ्या. त्यात काठी घातली तर सहज दोन-तीन फूट खाली जाते. आता ओल नुसती वरून नाही, त्या प्रत्येक भेगेच्या दोन्ही भिंतींवरून उडते. सकाळी भेगेवर तळहात धरला तर दमट वाफ लागते. तीच तुमची हरभऱ्याची उगवण. म्हणून सोयाबीन निघाल्यावर शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उथळ वखर मारून मागे हलकी फळी फिरवा. वरचा पाच-सात सेंटिमीटरचा भुसभुशीत थर भेगांची तोंडं बुजवतो. सोलापूरकडे 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' म्हणतात, ते याच कारणाने. इथे दोन चुका हमखास होतात. एक, खोल रोटाव्हेटर: तो खालची ओली माती वर आणून वाळवतो. दोन, सोयाबीनचं काड आणि गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले बुडखे, पेटवून देणं. हेच काड ओळींमध्ये पसरलं असतं तर ते आच्छादन झालं असतं. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच इंदुरात काडीकचरा, शेण, माती आणि राख थराथराने कुजवायची पद्धत बसवली, आणि ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. पाणी कमी असेल तेव्हा ढीग न करता तीन फूट खोल खड्डा करा. ओल टिकते, तीन महिन्यांत खत तयार होतं.

खरीप पेरणीचा नियम एकच, आणि तो मोडण्याचा मोह दरवर्षी होतो. किमान १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस होईपर्यंत सोयाबीन पेरू नका. दोन इंचावर पेरलं आणि पाऊस आठ-दहा दिवस ओढला तर बी फुगतं, मोड येतो आणि तिथेच जळतो. दुबार पेरणीचं बियाणं तेव्हा दीडपट भावाने घ्यावं लागतं. लवकर येणाऱ्या जाती घ्या: जेएस ९५-६० आणि जेएस २०-३४ साधारण ८५ ते ९० दिवसांत निघतात, जेएस ३३५ला त्याहून आठ-दहा दिवस जास्त लागतात. पण सगळं रान एकाच जातीचं करू नका. खंड कधी येईल ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून दोन वेगवेगळ्या मुदतीच्या जाती असल्या की दोन्ही एकाच वेळी फुलात सापडत नाहीत. पेरणी तीन सेंटिमीटर खोल, ओळींत ४५ सेंटिमीटर, आणि दर सहा ओळींनंतर एक सरी मोकळी. सरी उताराला आडवी हवी. कमी पावसात ती पाणी अडवते, आणि ढगफुटीसारखा पाऊस आला तर काढूनही देते.

दुष्काळी वर्षाचं सोयाबीन बियाणं म्हणून धोकादायक असतं. दाणा भरायच्या आत झाड वाळलं की दाणा हिरवट आणि सुरकुतलेला राहतो, त्याचं साल नीट तयार होत नाही. मळणीत साल तडकतं. म्हणून बियाण्यासाठी ठेवायचं पीक वेगळं मळा, थ्रेशरचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवा, दाण्यातला ओलावा १० टक्क्यांवर आला की भरा, आणि चारपेक्षा जास्त पोती एकावर एक रचू नका. मे महिन्यात ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून गुंडाळा, पाच-सात दिवसांनी सशक्त मोड मोजा. ७० किंवा वर असतील तर हेक्टरी ७५ किलो पुरे. ६० निघाले तर ७५ गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ८७-८८ किलो. ५०च्या खाली असेल तर ते बियाणं तेलाच्या कारखान्याचं, शेताचं नाही.

खंड पडल्यावर पानाकडे पाहा. दुपारी सोयाबीनची पानं उलटी होऊन पांढरट पाठ दाखवतात, तो झाडाचा बचाव आहे, घाबरू नका. पहाटे सहाला जाऊन पाहा. तेव्हाही पानांनी मान टाकलेली असेल तर पाणी द्यायची वेळ आली. फुलोऱ्यात आणि विशेषतः दाणे भरताना तुषार सिंचनाने दिलेलं ३ ते ४ सेंटिमीटर पाणी सोयाबीनला तारून नेतं. विहिरीत असेल तर रब्बीसाठी राखण्याच्या नावाखाली ते अडवू नका. पाणी नसेल तर कोळपणी, आणि एक टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, हेक्टरी ५०० लिटर पाण्यातून, संध्याकाळी. फवारणीने पाऊस भरून निघत नाही, सात-आठ दिवसांची मुदत मिळते एवढंच. कोरड्या खंडात पांढरी माशी वाढते आणि तिच्यामागून पिवळा मोझॅक हा रोग येतो. पहिली पिवळी झाडं उपटून टाका. शेंगा भरताना झाडं ठिपक्याठिपक्यांनी वाळत असतील तर उपटून मूळ चिरा. आत कोळशाची भुकटी टाकल्यासारखं दिसलं तर ती चारकोल रॉट आहे, तापलेल्या कोरड्या जमिनीतली बुरशी. त्यावर उभ्या पिकात उपाय नाही. त्या तुकड्यात पुढच्या वर्षी सोयाबीन घेऊ नका. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: कोरड्या वर्षी इमॅझेथापायरसारखं तणनाशक जमिनीत पुरतं मोडत नाही. गव्हा-हरभऱ्याला ते चालतं, पण तिथे मोहरी पेरली तर रोपं खुरटतात.

पाऊसच उशिरा आला तर? जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सोयाबीन ठीक. त्यानंतर लवकर येणारी जात, ओळींत ३० सेंटिमीटर, बियाणं पाव हिश्शाने जास्त. जुलैचा मध्य उलटला की सोयाबीनचा हट्ट सोडून उडीद, मूग किंवा तीळ घ्या, नाहीतर रान मोकळं ठेवा. खरिपात मोकळं ठेवलेलं रान वाया गेलं असं वाटतं, पण त्यात सगळ्या पावसाची ओल शिल्लक राहते आणि त्यावर हरभरा किंवा करडई बिनपाण्याची येते.

रब्बीचा निर्णय सवयीने घेऊ नका, मोजून घ्या. ऑक्टोबरच्या मध्याला विहीर दोन मीटर उपसा, मोटार बंद करा, दोरीला खूण करा आणि बारा तासांनी पातळी किती चढली ते पाहा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण २८० लिटर. बारा तासांत ५० सेंटिमीटर चढली तर दिवसाला २८ हजार लिटर आवक. शंभर दिवसांचे २८ लाख होतात, पण झरे जानेवारीनंतर मंदावतात, म्हणून निम्मेच धरा: १४ लाख. इकडचे चार बिघे म्हणजे साधारण एक हेक्टर. एका बिघ्याला तुषारने ४ सेंटिमीटर पाणी द्यायला एक लाख लिटर लागतं. म्हणजे तुमच्याकडे चौदा 'बिघा-पाळ्या' आहेत. त्यातल्या दोन पाळ्यांचं पाणी गाईंना आणि शेतावरच्या कुटुंबाला, जूनपर्यंत. उरल्या बारा. सोडपाण्याने भिजवलंत तर याच्या निम्म्या होतील, कारण भेगाळलेल्या काळ्या जमिनीत पहिलं पाणी भेगांतून खाली जातं आणि सहा सेंटिमीटरच्या जागी आठ-दहा घेतं.

पूर्ण बागायती गव्हाला चार-पाच पाळ्या लागतात. त्या तुमच्याकडे नाहीत. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने १९५१पासून इथल्या जमिनीवर काम केलं आहे, आणि कमी पाण्याच्या जाती हा त्यांचा खास विषय. एचआय ८६२७ म्हणजे मालव कीर्ती हा कठिया (ड्युरम) गहू, किंवा एचआय १५३१ म्हणजे हर्षिता, एक-दोन पाण्यांत येतात. पेरणी लवकर, २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, जमिनीतल्या ओलीवर. एकच पाणी असेल तर ते ३५ ते ४० दिवसांनी, दुसरं असेल तर ओंबी बाहेर पडताना. पूर्ण बागायतीचं खत घालू नका. हेक्टरी ८० किलो नत्र, ४० स्फुरद, २० पालाश पुरे. जास्त नत्राने गहू जानेवारीत हिरवागार दिसतो, फुटवे करतो, ओल पिऊन टाकतो आणि फेब्रुवारीत दाणा भरायच्या वेळी कोरडा पडतो. मंडीत मग तोच चपटा, हलका गहू येतो. हरभऱ्याला फुलाआधी एक पाणी, फुलात अजिबात नाही, नाहीतर फुलं गळून नुसती वाढ होते.

शेततळ्याबद्दल. देवासला १९९०च्या सुमारास रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्याच जिल्ह्यात २००६पासून शेतकऱ्यांनी बोअरचा नाद सोडून शेतात तळी खोदली, 'रेवासागर' नावाने, आणि नंतर राज्याची बलराम तालाब योजना आली. सांवेरपासून ते रान दूर नाही, जाऊन पाहा. ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, बाजूंना दीडास एक उतार, अशा तळ्यात साधारण १९ ते २० लाख लिटर मावतं. बाष्पीभवन आणि झिरप जाऊन १४ लाख हाती लागलं तरी तुमची विहीर दुप्पट झाली. फसतं कुठे? काळी माती दोन मीटरवर संपून पिवळा मुरूम लागला की तळं गळतं. आधी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन पाहा. मुरूम वर असेल तर ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद लागेल, किंवा ते तळं विहिरीच्या वरच्या अंगाला घ्या, गळलेलं पाणी विहिरीतच येईल. आणि तळ्यात येणाऱ्या पाण्याआधी गाळ बसायला छोटा खड्डा हवाच.

चारा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. सोयाबीनचं काड जनावर नाइलाजाने खातं, ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि हार्वेस्टरने गहू काढला की निम्मा भुसा रानातच राहतो. दोन गाईंना दिवसाला १२ किलो कोरडा चारा धरला तर नोव्हेंबर ते जुलैचा मध्य म्हणजे जवळपास ३० क्विंटल. तो एप्रिलमध्ये भरून ठेवा, जूनमध्ये भाव ऐकवत नाही. गव्हाच्या भुशाला युरिया प्रक्रिया करा: १०० किलो भुशाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर शिंपडा, तुडवून हवाबंद झाका, २१ दिवसांनी उघडा. खायला घालण्याआधी तासभर पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या वासराला देऊ नका, आणि युरियाचं पाणी उघडं ठेवू नका. ते गाय प्यायली तर जगत नाही. दुसरा धोका ज्वारीचा. पावसाच्या ओढीने गुडघ्याएवढीच राहून कोमेजलेल्या ज्वारीत सायनाइड तयार होतं. तिलाच किराळ लागणं म्हणतात. गाय थरथरते, तोंडाला फेस येतो, अर्ध्या तासात खेळ संपतो. फुलोऱ्यापर्यंत ती ज्वारी कापू नका, कापलीच तर पूर्ण वाळवून द्या, आणि खंडानंतर पाऊस पडून आलेल्या कोवळ्या फुटव्यात जनावर सोडू नका.

विम्याबद्दल थोडक्यात. पंतप्रधान पीक विम्याचा हप्ता खरिपाला २ टक्के आणि रब्बीला दीड टक्का. दुष्काळाचं नुकसान तुमच्या एकट्याच्या शेतावर नाही, पटवारी हलक्यातल्या, म्हणजे तलाठी सज्जातल्या, पीककापणी प्रयोगांवर ठरतं. ७२ तासांत कळवायचा नियम गारपीट, पाणी साचणं अशा स्थानिक आपत्तींसाठी आहे. तो दुष्काळाला लावून धावपळ करू नका. हंगामाच्या मध्यातच अपेक्षित उतारा उंबरठा उताऱ्याच्या (विम्यात ठरवलेल्या मर्यादेच्या) निम्म्याखाली दिसला तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्के आगाऊ मिळण्याची तरतूद आहे. पैसे अडकतात ते बहुतेक गिरदावरीत, म्हणजे सरकारी पीकनोंदीत: शेतात उडीद आणि नोंदीत सोयाबीन. नोंद होते तेव्हाच खसरा (गट) क्रमांक आणि पीक स्वतः तपासा.

आता तुमचे १६ बिघे. खरिपात दहा बिघे सोयाबीन, दोन जातींचं, त्यातल्या तीन बिघ्यांत चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. तुरीचं मूळ खोल जातं, सोयाबीन गेलं तरी घरची डाळ निघते. तीन बिघे ज्वारी दाणा-कडब्यासाठी, एक बिघा उडीद, दोन बिघे मोकळे. रब्बीत चार बिघे गहू दोन पाळ्यांवर, आठ झाल्या. विहिरीजवळ तीन बिघे हरभरा एका पाण्यावर, अकरा झाल्या. मोकळ्या दोन बिघ्यांत बिनपाण्याचा हरभरा, उडदाच्या जागी करडई, म्हणजे घाण्याचं तेल घरचं. चार बिघे गहू कमी पाण्यावर बिघ्याला पाच-सहा क्विंटल उतरला तरी वीसच्या वर होतात. सहा क्विंटल घरचे, सहा शेतावरच्या कुटुंबाचे, एक क्विंटल बियाण्याचा बाजूला, बाकी विका. गहू शक्यतो थ्रेशरने काढा, भुसा पूर्ण हाती येतो, आणि ज्वारीच्या कडब्यासकट तीस क्विंटलचा हिशेब सुटतो.

बारावी पाळी विहिरीच्या थारोळ्याजवळच्या पाव बिघ्यात मेथी, पालक आणि बरसीम या चाऱ्याला ठेवा. हे पाणी शेवटी आणि थोडं थोडं द्या. डिसेंबरमध्ये पुन्हा एकदा दोरी सोडून विहीर मोजा. आवक ऑक्टोबरच्या निम्म्याहून खाली गेली असेल तर गव्हाच्या दोन बिघ्यांची दुसरी पाळी तिथेच रद्द करा, आणि ते पाणी उरलेल्या दोन बिघ्यांना ओंबीवर असताना वेळेवर द्या.